भाजे, विसापूर, गायमुख खिंड : पळण्याच्या फेऱ्याच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

आजपासून ही वही. काम असं आहे: मळवली स्टेशनवर उतरायचं, भाजे, विसापूर आणि गायमुख खिंड असा फेरा मारून परत स्टेशनवर यायचं. पळत जाता येईल अशी वाट नक्की करायची, मोजायची, कागदावर काढायची आणि २५ जानेवारीला आमच्या तळेगावच्या सकाळच्या गटातल्या बारा जणींना तिच्यावरून न्यायचं.

आम्ही किल्ल्यावर जातो ते चढायला. माथा गाठला, तटावर बसून डबा खाल्ला, त्याच वाटेने उतरलो. किल्ला म्हणजे माथा, एवढंच डोक्यात बसतं. मला घेरा दाखवायचा आहे. जुन्या कागदांत हा शब्द सारखा येतो. गडाच्या भोवतालचा सगळा मुलूख, त्यातल्या वाड्या, रान, पाणी, चौक्या, म्हणजे घेरा. सिंहगडाच्या पायथ्याच्या गावाचं नाव आजही घेरा सिंहगडच आहे. गड राखणारी माणसं याच पट्ट्यात फिरायची. तो पट्टा पायाखालून गेल्याशिवाय गड कळत नाही, असं मला मनापासून वाटतं.

पहिली पाहणी आज वहिनीबरोबर झाली. पहाटेची लोकल, मळवली, एक्स्प्रेसवे ओलांडून भाजे. गाव संपलं की डाव्या अंगाला लेण्यांच्या पायऱ्या, पुढे रस्ता चढत चढत खिंडीपर्यंत. खिंडीत उभं राहिलं की उजव्या हाताला लोहगड, डाव्या हाताला विसापूर. इथे पडणारा पाऊस एका उतारावरून इंद्रायणीला जातो, दुसऱ्यावरून पवनेला. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, पवना मुळा-मुठेतून फिरून रांजणगाव सांडसला. वहिनीला हे सांगितलं तर ती बाटलीतलं थोडं पाणी एकदा इकडे आणि एकदा तिकडे ओतून आली.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिला पूर्ण फेरा. रस्त्याने खिंड, खिंडीतून रानातल्या वाटेने विसापूर, माथा ओलांडून पायऱ्यांच्या घळीने खाली, परत भाजे.

घळीत पडले. पावसाळ्यात ही घळ म्हणजे धबधबाच असतो. पायऱ्यांवरून पाणी धावतं आणि शनिवार-रविवारी त्या पाण्यातून माणसांची रांग चढत असते. आता पाणी बंद झालंय, पण सावलीतल्या दगडांवर शेवाळ अजून ओलसर आहे. पायऱ्या कोरीव असल्या तरी एकसारख्या नाहीत. एक गुडघ्याएवढी उंच, पुढची वीतभर, मधे दोन निखळलेल्या. उतरताना पाय टाकला ती पायरी कलती निघाली आणि डावा घोटा आत वळला. आवाज झाला नाही, तेवढंच बरं. उरलेली घळ बसून बसून उतरले. वहिनीने ओढणी फाडून घोटा बांधला.

घड्याळात अंतर १४.२ किमी. रानात झाडांखाली घड्याळ भरकटतं, त्यामुळे हा आकडा अजून कच्चाच धरते.

१६ नोव्हेंबर, रविवार

घरीच. सूज उतरली आहे. जिना उतरताना दुखतं, चढताना दुखत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

जिन्यावरून सुचलं ते आज करून पाहिलं. फेरा उलटा केला. भाज्याच्या वर रस्ता सोडून आधी घळीने चढायचं, माथा ओलांडायचा, रानातून खिंडीत उतरायचं आणि शेवटचा डांबरी उतार मोकळ्या पायाने पळत यायचं.

फार मोठा फरक पडला. उंच, तुटक्या पायऱ्या चढायला काहीच अडचण नाही. हात टेकता येतात, नजर पुढच्या दगडावर असते. हीच घळ उतरताना नजर थेट दरीत जाते आणि शरीर मागे रेलतं, तिथेच पाय सुटतो. दोन किल्ल्यांमधलं रान मातीचं आहे, उतार लांब आहे, तिथे उतरणं सोपं. तर दिशा ठरली: घळ फक्त चढायची.

परत येताना रस्त्यावर वहिनी एकदम थांबली. म्हणाली, "अगं, डोंगर उजव्या हाताला आहे." आम्ही प्रदक्षिणेच्या दिशेने फिरलो होतो. देवळाभोवती जसं जातो तसं. गुडघ्यासाठी शोधलेली दिशा अशी निघाल्यावर दोघींनाही फार बरं वाटलं, आणि पुढचा उतार कधी संपला ते समजलं नाही.

आकार अगदी गोल नाही हे लिहून ठेवते. मळवली ते भाजे जाणं-येणं एकच. वरून पाहिलं तर तांब्यासारखं: खाली अरुंद मान, वर पोट.

३० नोव्हेंबर, रविवार

आज वाट चुकलो, आणि बरं झालं आत्ताच चुकलो.

तटाच्या पडक्या भागातून रानात शिरलं की दहाएक मिनिटांनी वाट फुटते. दोन्ही फाटे सारखेच मळलेले. आम्ही सपाटीचा धरला, कारण त्यावर पळता येत होतं. अर्धा किलोमीटर छान गेलो आणि वाट एका पाणवठ्यापाशी संपली. पुढे कारवीची गच्च भिंत, वर काळा कातळ. परत फिरलो.

परतताना नीट पाहिलं. ती ढोरवाट होती. ढोरवाट ओळखायची ती जमिनीवर नाही, कमरेवर. गुरं खालून जातात, त्यामुळे पायतळ स्वच्छ असतं पण छातीच्या उंचीवर फांद्या एकमेकींत अडकलेल्या असतात. पळताना त्या सारख्या तोंडावर येतात. माणसाच्या वाटेला डोक्यापर्यंत मोकळीक असते. मोळी घेऊन जाणाऱ्या बायकांच्या वाटेला तर डोक्याच्याही वर. आम्ही अर्धा किलोमीटर हातांनी फांद्या सारत गेलो आणि तरी लक्षात आलं नव्हतं. बारा जणींना हे सांगायचंच: फांदी तोंडावर आली की थांब, मागे बघ.

रान मात्र काय सुंदर आहे. अंजनीची झाडं खांद्याला खांदा लावून उभी, पानं जाड आणि चकचकीत, खाली दुपारीही गारवा. मधे हिरडा, जांभूळ, एखादं मोठं आंब्याचं झाड. पायाखाली पानांचा थर इतका की पावलांचा आवाज येत नाही, आपला श्वास तेवढा ऐकू येतो.

७ डिसेंबर, रविवार

माथ्यावरच दोन तास. आज पळण्याचा हिशेब बाजूला ठेवला.

विसापूरचा माथा प्रचंड आहे. सपाट गवताळ पठार, कडेने तट, ठिकठिकाणी खडकात खोदलेली पाण्याची टाकी, छप्पर नसलेल्या वास्तू. आणि चुन्याचा घाणा. दगडात गोल चर आणि त्यात उभं फिरणारं दगडी चाक. बैल जुंपून चुना आणि वाळू मळायची, मग तो चुना तटाच्या दगडांत जायचा. चरात बूट काढून पाय ठेवला. तळ इतका गुळगुळीत की काठावरचा खरखरीतपणा आणि आतली झीज तळव्याला वेगवेगळी कळते. किती फेरे झाले असतील त्या बैलांचे.

घाण्यापासून पश्चिमेच्या तटावर आलं की लोहगड समोर, आणि तो खाली दिसतो. विसापूरची उंची १,०८४ मीटर. लोहगड त्याहून कमी. खालून, रस्त्यावरून, हे जाणवत नाही, कारण लोहगडाचे दरवाजे, बुरूज आणि विंचूकाटा ही लांब, अरुंद माची यांचाच दरारा वाटतो. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, अशा चार दरवाजांतून वळत वळत वर जावं लागतं. शत्रूने एक फोडला तरी दुसऱ्याच्या माऱ्यात सापडावा अशी ती रचना. पण इथून, विसापूरच्या तटावरून, त्या सगळ्या दरवाजांच्या वरून नजर आत जाते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्याच्या कारभारावरच्या त्यांच्या ग्रंथात, गड कुठे बांधावा हे सांगताना स्पष्ट म्हटलंय की गडाजवळ दुसरा डोंगर नसावा. असलाच तर तो सुरुंगाने फोडून कमी करावा, ते जमत नसेल तर तोही बांधून ताब्यात ठेवावा. विसापूर का बांधला याचं उत्तर मला या तटावर उभं राहून मिळालं. आणि १८१८ साली काय झालं त्याचंही. ४ मार्चला इंग्रजांनी विसापूर घेतला आणि मग लोहगड लढाईशिवाय पडला. चार दरवाजे तसेच राहिले.

म्हणून फेऱ्यात माथा हवाच. आधी मी तो वगळून पायथ्यापायथ्याने सोपी वाट काढण्याच्या विचारात होते. तो विचार सोडला.

१४ डिसेंबर, रविवार

भाजे लेण्यांत थांबा द्यायचा की नाही यावर वहिनीशी वाद झाला. तिचं म्हणणं, एकदा पाय तापले की थांबू नये. माझं म्हणणं, इसवीसनाच्या आधी दुसऱ्या शतकातली लेणी पायऱ्यांच्या वर असताना खालून धावत निघून जायचं हे मला जमणार नाही. तोडगा: थांबा परतीला, सगळ्या फेऱ्यानंतर. तेव्हा पाय थंडच करायचे असतात.

तिकीट काढून वर गेलो. बावीस लेण्यांचा हा समूह. मोठ्या चैत्यगृहात छताला लाकडी कमानी आहेत, आणि खाली सत्तावीस अष्टकोनी खांब. खांबांकडे नीट पाहा: ते सरळ उभे नाहीत, वरच्या बाजूला आत कललेले आहेत. लाकडाच्या बांधकामात छताचा रेटा पेलायला खांब असे तिरपे लावावे लागतात. दगडात कोरताना त्याची काहीच गरज नव्हती, डोंगर स्वतःच छत पेलतो. पण कोरणाऱ्यांचे हात सुतारकामाचे होते. आपल्याला माहीत असलेलं घर त्यांनी डोंगरात कोरलं. वहिनी एका खांबाला गाल लावून बराच वेळ त्याचा कल पाहत राहिली. मग म्हणाली, थांबा हवा.

शेवटच्या बाजूच्या विहारात रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं आहेत. बारा जणी एका वेळी तिथे मावणार नाहीत, चार-चार करून जावं लागेल.

लेण्यांच्या ओट्यावरून खालचं खोरं दिसतं. कल्याण-सोपाऱ्याकडून बोरघाट चढून आलेला जुना व्यापारी मार्ग याच खोऱ्यातून पुढे जायचा. लेणी त्या वाटेवर, गडही त्याच वाटेवर नजर ठेवून. आज तिथेच रेल्वे, जुना हमरस्ता आणि एक्स्प्रेसवे. दोन हजार वर्षं माल त्याच पट्टीतून चालला आहे. आम्ही पाहत होतो तेव्हा एक मालगाडी गेली, खूप लांब, डबे मोजता आले नाहीत.

२१ डिसेंबर, रविवार

खुणांचा प्रश्न. बारा जणी मागेपुढे होणार, रानातल्या फाट्यावर त्यांना कळायला हवं.

खडकांवर रंगाचे बाण आहेतच, वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या रंगांचे. एका ठिकाणी तीन बाण तीन दिशांना. कुणा आयोजकांनी शर्यतीसाठी झाडांना प्लॅस्टिकच्या फिती बांधल्या होत्या त्याही अजून तशाच आहेत, एक अंजनीच्या फांदीत इतकी रुतली आहे की साल तिच्यावर चढायला लागली. ती कापून काढायला मला पंधरा मिनिटं लागली. रागाने हात थरथरत होते. जुलैमध्ये लोहगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. आता लोक आणखी येणार, बाणही आणखी येणार.

ठरलं: आम्ही रंग लावणार नाही, फीत बांधणार नाही, दगडांच्या ढिगाऱ्याही रचणार नाही. आज्ञापत्रातच गडाखालची झाडी प्रयत्नाने वाढवावी, तिची काडीही तोडू देऊ नये असं बजावलंय. ती झाडीच गडाची राखण आहे. तीनशे वर्षांपूर्वीचा हुकूम, मला तो आजही लागू वाटतो. खुणा म्हणजे झाडं आणि दगडच: "पडका तट, डावीकडे वाकलेला हिरडा, त्याच्या उजवीकडून उतार." हे सगळं हाताने काढलेल्या नकाशात. आणि फाट्यावर दोघी उभ्या राहतील, शेवटची बाई जाईपर्यंत.

लोहगडवाडीत ताक प्यायला थांबलो. ताकवाल्या मावशींना वाट विचारली, तर त्यांनी हातातली पळी खाली ठेवून विचारलं, "कोणती? गुरांची का माणसांची?" मी म्हटलं, मावशी, माणसांची. त्या म्हणाल्या, "मग खाली उतरती धर. सपाटीला जाशील तर पाण्याला जाशील, घरी न्हाई जायची."

तीन आठवड्यांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर!

२८ डिसेंबर, रविवार

वेळा, पुन्हा मोजलेल्या:

मळवली ते घळीचा पायथा ३४ मिनिटं, बराचसा पळत. घळ ४१ मिनिटं, पूर्ण चालत. माथा १९, हळू पळत, कारण गवतात दगड लपलेले असतात. रान ३८. खिंड ते भाजे ३१, एका दमात. भाजे ते मळवली १३. लेणी आणि ताक सोडून तीन तासांच्या आत. घड्याळात १४.८ किमी.

एकूण चढ साडेचारशे मीटरच्या आसपास. घळीत पळायचा प्रयत्न करू नये हे गटाला पुन्हा सांगायचं; पहिल्या दहा मिनिटांत दम घालवला तर माथ्यावर पाय उचलत नाहीत.

११ जानेवारी २०२६, रविवार

माथ्याच्या पूर्वेच्या उताराला वणवा लागून गेला आहे. आठवड्याभरातला असावा, राख अजून वाऱ्याने उडते. गवत गेलं, कारवीच्या काळ्या काड्या उभ्या. आग रानाच्या कडेला येऊन थांबली आहे, जिथे सावली आणि ओल सुरू होते तिथे. रेघ ओढल्यासारखी कड: अलीकडे काळं, पलीकडे हिरवं. पहिल्या ओळीतल्या अंजनींची पानं एका अंगाने करपली आहेत, दुसऱ्या ओळीला काही झालेलं नाही.

कुणी लावला ते माहीत नाही. आमच्या गटात काडेपेटी, गॅस, काहीही येणार नाही. चहा खाली उतरल्यावर.

१८ जानेवारी, रविवार

रंगीत तालीम, सहा जणींबरोबर. सुकलेल्या उतारावर बारीक मुरूम झालाय, पाय घसरतो. घसाऱ्यावर टाच आधी रोवायची, पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला. एकीने विचारलं काठी आणू का. आण म्हटलं.

प्रत्येकीने दीड लिटर पाणी. टाक्यांतलं पाणी प्यायचं नाही आणि त्यात पायही बुडवायचे नाहीत.

२५ जानेवारी, रविवार

बारापैकी अकरा जणी आल्या, बारावीच्या घरी तापाचं आजारपण. पहाटेची लोकल. मळवलीला उतरलो तेव्हा अंधार आणि इतकी थंडी की बोलताना वाफ दिसत होती.

घळीच्या तोंडाशी उजाडलं. सगळ्या एकामागे एक, कुणी कुणाला मागे टाकलं नाही. वर तटापाशी आल्या तशा गप्प झाल्या, कारण सूर्य समोरच उगवत होता आणि खोऱ्यात धुकं साचलेलं, त्यातून फक्त लोहगड आणि लांबवर तिकोना-तुंग हे किल्ले वर आलेले. घाण्यापाशी मी चराबद्दल सांगितलं. मग कुणी सांगितलं नाही तरी एकेकीने बूट काढले आणि चरात पाय ठेवला. पश्चिमेच्या तटावर लोहगड खाली दाखवला आणि १८१८ ची गोष्ट सांगितली. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू, वय बासष्ट, बराच वेळ समोर पाहत राहिल्या. "म्हणजे इथनंच गेला तो," एवढंच म्हणाल्या.

रानात फाट्यावर वहिनी आणि मी उभ्या होतो. एकच जण सपाटीकडे वळली, आणि पाच पावलांवर फांदी तोंडावर आली तशी स्वतःच थांबून मागे बघू लागली.

खिंड ते भाजे सगळ्या पळाल्या. काकूसुद्धा. लेण्यांत चार-चार करून गेलो. काकूंनी कललेल्या खांबाला हात लावायला हात पुढे केला आणि मधेच मागे घेतला.

पडझड एकही नाही. साडेचार तास, सगळे थांबे धरून.

१ फेब्रुवारी, रविवार

नकाशाची स्वच्छ प्रत काढली आणि लोहगडवाडीत मावशींकडे द्यायला गेले. कुणी वाट विचारली तर दाखवायला. उत्तर वर धरून काढला होता, नेहमीसारखा: मळवली सगळ्यात वर, खिंड आणि वाडी तळाशी.

मावशींनी कागद हातात घेतला, जरा वेळ पाहिला आणि सरळ उलटा फिरवला. "आमची वाडी वर पायजे. खाल्लीकडून चढून येता ना?"

बरोबर आहे. भाज्याकडून येताना सगळं तसंच आहे: खिंड वर, उजव्या हाताला लोहगड, डाव्या हाताला विसापूर. पायांना उत्तर-दक्षिण कळत नाही, चढ कळतो. कागद घरी परत आणला. नवीन प्रत वाडी वर धरून काढायला घेतली आहे, पेन्सिलीने, रविवारपर्यंत व्हायला हवी.